मोरवालसाहेबांची अनामिका

न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मी सांगायचो, "मी बासऱ्या दुरुस्त करतो." समोरचा हसायचा. मी हसत नाही हे दिसलं की तो सावरून घ्यायचा आणि हलक्या आवाजात विचारायचा, "ते झालंच हो, पण तसं मेन काय?" एका काकूंनी तर माझी बायको संध्या हिला बटाटेवड्याच्या रांगेत गाठून सांगितलं होतं, की त्यांच्या जावयाच्या ऑफिसात जागा आहे, दिवेकरांचा रेझ्युमे पाठवून दे, लाजू नकोस.

लाजण्यासारखं काही नव्हतं. मी मूळचा भोसरीतल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणारा माणूस. एका मायक्रॉनवरून भांडणं करण्यात उमेदीची वर्षं गेली. मग सगळ्यांनी कॉम्प्युटरचे क्लास लावले तेव्हा मीही लावला आणि लाटेबरोबर न्यू जर्सीला येऊन पडलो. २००१ साली लाट ओसरली. एका शुक्रवारी आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांना सामान भरायला पुठ्ठ्याचे खोके दिले, त्यातला एक माझा. संध्या फिजिओथेरपिस्ट, तिच्या हॉस्पिटलच्या कृपेने आमचं ग्रीन कार्ड आलेलं होतं, म्हणून परतीची तिकिटं काढावी लागली नाहीत एवढंच. जर्सी सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी चार महिने भांडी घासली, तीन वर्षांच्या आमच्या लेकीच्या, ईराच्या, वेण्या घातल्या आणि अर्ज पाठवले. शेवटी पेपरातली तीन ओळींची जाहिरात वाचून वॉल्टर नावाच्या माणसाच्या बासरी-दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

वॉल्टर तेव्हा सत्तरीला टेकलेला आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी. त्याने दोन पातळ कागदी चकत्या माझ्या चिमटीत दिल्या आणि विचारलं, "जाड कुठली?" मी सांगितलं. त्याने मायक्रोमीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "सोमवारी ये." आयुष्यात दिलेला सगळ्यात छोटा इंटरव्ह्यू तो हाच.

हे काम काय असतं ते सांगतो, कारण आपल्याकडे बासरी म्हटली की वेळू आणि सहा भोकं. तिथे बोट हेच झाकण. पाश्चात्त्य बासरी चांदीची, अंगभर किल्ल्या असलेली. बोट किल्ली दाबतं, किल्लीखाली एक मऊ गादी असते, ती गादी भोकावर बसते. बोट उचललं की केसासारखी बारीक स्प्रिंग किल्लीला परत वर उचलते. गादी कुठूनही पुसटशी जरी उचललेली राहिली तरी हवा निसटते आणि स्वर आजारी पडतो. ती फट डोळ्यांना दिसत नाही. सिगारेट वळायच्या कागदाची बारीक पट्टी गादीखाली सरकवायची, किल्ली हलकेच दाबायची आणि पट्टी ओढायची. चारी बाजूंनी सारखी अडली पाहिजे. जिथे सुळकन सुटली तिथे गळती. मग गादीखाली कागदाची चकती घालायची, पुन्हा पट्टी ओढायची. दिवसाला दोनशे-तीनशे वेळा. या सिगारेटच्या कागदापायी मंडळाच्या खजिनदारांनी मला एकदा गॅस स्टेशनवर रंगेहाथ पकडलं होतं. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला मी, एकदम दहा पाकिटं कागद घेताना! त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही असं ते म्हणतात, पण पुढच्या गणपतीत मला प्रसादाचे दोन मोदक जास्त मिळाले आणि तब्येतीची चौकशीही झाली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. शाळेच्या बँडमधल्या बासऱ्यांतून मी च्युइंगगम, खोडरबर, आणि एकदा कुणाचा तरी पडलेला दुधाचा दात काढलाय. एक निवृत्त न्यायाधीश होते, ते फक्त गॅरेजमध्ये गाडीत बसून, काचा लावून वाजवायचे, कारण घरात मनाई होती. एक बाई घटस्फोट झाल्यावर आल्या आणि म्हणाल्या, बासरीचा आवाज उदास झालाय. मी तपासलं, बासरी ठणठणीत. वॉल्टरने ती माझ्या हातून घेतली, फडक्याने लख्ख पुसली आणि दुसऱ्या दिवशी बाईंना परत दिली. बाईंनी वाजवून पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आवाज परत आला म्हणाल्या. त्या गेल्यावर वॉल्टर म्हणाला, "अर्ध्या तक्रारी बासरीच्या नसतात, वाजवणाऱ्याच्या असतात. पण ते सांगायचं नाही. पुसायची आणि परत द्यायची." धंद्याचा हा रिवाज मी मनोभावे शिकलो. पुढे तोच माझ्या अंगाशी आला.

२००३ च्या हिवाळ्यात एक दिवस वॉल्टर केस विंचरून दुकानात आला. त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं. "मोरवाल येतोय," एवढंच म्हणाला. ऑगस्ताँ मोरवाल हे नाव बासरीच्या जगात आपल्याकडे एखाद्या बुवांचं घ्यावं तसं घेतात. कान नुसता हातात धरायचा बाकी असतो. साठी ओलांडलेले, सडसडीत, गळ्यात लोकरीचा मफलर. त्यांनी बासरी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसून राहिले. ती सोडून ते कुठे जायचे नाहीत. त्या दिवशी काम किरकोळ होतं. ते झाल्यावर त्यांनी तपासायला म्हणून खालचा एकच स्वर लावला आणि धरून ठेवला. मी पुण्यात मैफिली ऐकत वाढलेला माणूस, चांगली बासरी म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. पण तो स्वर सुरू कुठून झाला ते मला कळलं नाही. आधी तो नव्हता आणि मग तो खोलीभर होता. वाढला, दाट झाला, पुन्हा बारीक होत गेला आणि संपला तेव्हाही संपला असं वाटेना. मी हात जोडले. ते आपोआप जुळले, मी काही ठरवलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांनीही हात जोडले, म्हणाले, "बासरी बरी आहे, मस्य दिवेकर." मस्य म्हणजे फ्रेंचमधलं 'श्रीयुत'.

पुढे काम चालू असताना त्यांनी आपलं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वडील फ्रान्सच्या उत्तरेला एका कालव्यावर दरवाजे सांभाळायचे. नाव आत आली की खालचा दरवाजा बंद करायचा, वरून पाणी सोडायचं, पाणी चढेल तशी नाव चढते, मग वरचा दरवाजा उघडायचा. घाई केली तर नाव भिंतीवर आपटते. गावच्या बँडमध्ये कुणी म्हातारा वारला, त्याची बासरी या सात वर्षांच्या पोराला मिळाली. तिथून पॅरिसची संगीतशाळा, पहिलं बक्षीस, मोठ्या वाद्यवृंदातली पहिली खुर्ची, मग ती खुर्ची सोडून जगभर एकट्याने वाजवणं, आणि शेवटी न्यूयॉर्कला शिकवणं. रचनाही करायचे. त्यांतली 'पाणी चढतं' नावाची रचना जगातला प्रत्येक बासरीवाला आयुष्यात एकदा तरी वाजवतो आणि बहुतेक जण बुडतात, असं वॉल्टर म्हणायचा. एकट्या बासरीची नऊ मिनिटं. खालून सुरुवात होते आणि स्वर वडिलांच्या त्या पाण्यासारखे इंचाइंचाने चढत जातात. मी दुसऱ्या कुणाची बासरी दुरुस्त करताना ती गुणगुणायचो.

२००४ च्या सुरुवातीला ते आले आणि म्हणाले, "ही किल्ली गळते." डाव्या हाताच्या अनामिकेखालची. मी पट्टी लावली. चारी बाजूंनी घट्ट. पुन्हा लावली, घट्टच. वॉल्टरकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. मी नवी गादी बसवून दिली. जुनीत काहीच खोट नव्हती. मोरवालसाहेबांनी वाजवून पाहिलं. "उत्तम!" म्हणाले. माझी कॉलर ताठ झाली.

दीड महिन्याने परत आले. फ्रेंच पद्धतीच्या बासरीत त्या किल्लीला मधोमध भोक असतं, बोटाच्या पेराने ते नेमकं झाकावं लागतं. शिकाऊ मुलांना जमत नाही म्हणून त्यात आम्ही रबराचं बूच घालून देतो. साहेब म्हणाले, "बूच घाला." मी दचकलो. पण घातलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "किल्ली जड लागते, स्प्रिंग हलकी करा." हलकी केली. मग आणखी हलकी. दर वेळी ते वाजवून बघायचे, दर वेळी उत्तम म्हणायचे आणि चार-सहा आठवड्यांनी परत यायचे. किल्ली दाबताना त्यांची अनामिका आत, तळव्याकडे वळायची, हे मी पाहत होतो. पाहत होतो आणि मान खाली घालून काम करत होतो.

संध्याने एकदाच पाहिलं. ती मला न्यायला आली होती, साहेब स्टुलावर बसून वाजवत होते. गाडीत बसल्याबरोबर म्हणाली, "अरे, बासरीला काही झालेलं नाहीये. त्यांचं बोट गेलंय. आमच्याकडे एक व्हायोलिनवाली पेशंट होती, सेम. मेंदूकडून त्या बोटाला भलताच सिग्नल जातो."

"बरं होतं का हे?"

"लवकर कळलं तर थोडं मॅनेज करता येतं. पण प्रॅक्टिस वाढवली तर संपलंच, आगीत तेल. तू सांगितलंस त्यांना?"

"मी कोण सांगणारा?"

"तुलाच फक्त माहितीये ना. बाकी कोण सांगणार?"

"अगं, एवढा मोठा माणूस! त्यांना जाऊन सांगू, की साहेब, तुमचं बोट गेलं?"

"हो. अगदी असंच सांग."

मी सांगितलं नाही. मला लहानपणापासून शिकवलेलं, की मोठा गवई समोर बसला तर त्याच्या पायाशी बसायचं, वाहवा म्हणायचं, आणि त्याचा सूर हलला तर आपला कान खराब आहे असं समजायचं. त्यात दुकानाचा रिवाज होताच. पुसायची आणि परत द्यायची. शिवाय एक गोष्ट कबूल करतो. मोरवाल दर महिन्याला माझ्याकडे येतात, माझ्याशिवाय कुणाच्या हाती बासरी देत नाहीत, याचं मला सुख होतं. मी खरं बोललो असतो तर ते कशाला आले असते?

२००५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. त्यांनी आम्हा दोघांना पाससुद्धा पाठवले. दिवसभर भुरभुर पाऊस होता आणि हवा ओली. शेवटी 'पाणी चढतं' होतं. चौथ्या मिनिटाला स्वर वरच्या पायरीवर जायला हवा होता, तो गेलाच नाही. खालचाच वाजला. संध्याने माझं मनगट धरलं. चुकलं हे जाणकारांनी ओळखलं असेल, पण नेमकं काय झालं ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल. गादी ओल्या हवेने जरा चिकट झाली होती, आणि ती वर उचलायला स्प्रिंगमध्ये जोरच नव्हता. मीच तो काढून घेतला होता. अनामिकेची किल्ली खाली बसून राहिली. ती खाली असली, की तिच्या वरचे साधे स्वर गेले. जिना अर्ध्यात तुटला.

मग त्या माणसाने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही, किल्लीला हात लावला नाही, चेहराही बदलला नाही. पाणी चढण्याऐवजी त्यांनी ते उतरवायला सुरुवात केली. हाताशी राहिलेल्या खालच्या स्वरांतून, पायरी-पायरीने, जणू वरचा दरवाजा उघडलाच नाही आणि नाव आल्या वाटेने परत निघाली आहे. उरलेली पाच मिनिटं त्यांनी जागच्या जागी नवीन रचली आणि अगदी तळाच्या स्वरावर आणून ठेवली. लोक उभे राहिले. कितीतरी वेळ टाळ्या थांबेनात. मी खुर्चीतच बसून राहिलो. तुटक्या बासरीवर एवढं करणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि ती बासरी तोडणारा मी होतो.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते दारात उभे होते. वॉल्टर यायचा होता. मी बासरी हातात घेतली नाही. म्हटलं, "साहेब, या किल्लीत कधीच दोष नव्हता. तुम्ही म्हणालात म्हणून मी गादी बदलली, बूच घातलं, स्प्रिंग मारून टाकली. बासरी पहिल्या दिवसापासून ठीक होती. तुमची अनामिका ऐकत नाहीये. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

ते स्टुलावर बसले. मफलर सोडून विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चौदा महिने."

"चौदा महिने," ते म्हणाले. "या चौदा महिन्यांत मी रोज दोन तास जास्त वाजवलं, मस्य दिवेकर. वाटलं, माझाच सराव कमी पडतोय. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"आमच्याकडे तुमच्याएवढ्या मोठ्या माणसाला..."

"तुमच्याकडे मोठ्या माणसाला खड्ड्यात जाऊ देतात का?" ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. त्यांनी बासरी पेटीत ठेवली, मफलर गुंडाळला आणि गेले.

मी हे वॉल्टरला सांगितलं. तो म्हणाला, रिवाज रिवाज असतो, तू जिवाला लावून घेऊ नकोस. त्यांचे पुढचे सगळे कार्यक्रम कॅन्सल झाल्याचं कानावर आलं. मी दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. कामात लक्ष लागेना. चांगल्या गादीवरही पट्टी पुन्हा पुन्हा ओढत बसायचो. एका शाळकरी मुलीच्या आईला मी स्पष्ट सांगून टाकलं, की बासरी ठीक आहे, मुलगी दाबत नाहीये. आई रागावून निघून गेली.

नोव्हेंबरात दार ढकलून मोरवालसाहेब आत आले. बारीक झालेले. न्यूयॉर्कचे डॉक्टर झाले, पॅरिसचे झाले, सगळ्यांनी संध्यासारखंच सांगितलं होतं. त्यांनी डावी अनामिका वर करून दाखवली. "ही रजेवर गेली आहे. परत येणार नाही म्हणते." मग खिशातून कागद काढला. स्वरलेखनाच्या ओळी छापलेला कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेलं चित्र. अनामिकेच्या किल्लीपासून निघालेली एक छोटी दांडी, करंगळीपर्यंत गेलेली. "ती किल्ली आता करंगळी दाबेल. तिचं आधीचं कामही तिच्याकडेच राहील. दोन्ही करायचं. तुम्ही बनवाल?"

वॉल्टर म्हणाला, असं काही त्याने पंचेचाळीस वर्षांत केलेलं नाही. "मस्य दिवेकर करतील," साहेब म्हणाले. "आता ते मला खरं सांगतात."

अकरा आठवडे लागले. आधी पितळेत करून पाहिलं, मग चांदीत. करंगळी आखूड आणि हट्टी. एका किल्लीवरून दुसरीवर ती घसरत जायला हवी, म्हणून मधे सुईएवढा रूळ बसवला. भोसरीत शिकलेलं सगळं मी त्या दीड इंचात ओतलं. बिचाऱ्या अनामिकेला टेकायला एक छोटी न हलणारी बैठक करून दिली, म्हणजे ती मधे लुडबुड करणार नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी साधी सरगम वाजवायला घेतली. सात स्वर. सात वर्षांच्या वयापासून जे बोट जिथे पडत आलं होतं ते तिथे पाडायचं नव्हतं. तिसऱ्या स्वरावर अडखळले. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळले. ज्या माणसाच्या एका स्वराने माझे हात जुळले होते, तो शाळेच्या बँडमधल्या पोरासारखा फुंकत होता. मला बघवेना. मी मागच्या खोलीत निघालो.

"इकडे या," त्यांनी हाक मारली. "तुम्ही बनवलंय. तुम्ही ऐकायचं."

मी ऐकलं. दर मंगळवारी ऐकलं. या बोटांसाठी जगात कुणी धडे लिहिलेले नव्हते, म्हणून ते स्वतःच लिहायचे. चार ओळी, पुढे सहा, पुढे आठ. पहिल्या वर्षी मला एकही चांगला स्वर ऐकू आला नाही, म्हणजे चालीत. नुसता एक स्वर धरला की तो अजून तोच होता, खोलीभर. पण दोन स्वर जोडायचे म्हटले की करंगळी उशिरा पोहोचायची. कधी ते अर्ध्यात बासरी खाली ठेवून खिडकीतून पार्किंगकडे पाहत बसायचे. एकदा म्हणाले, "मी विद्यार्थ्यांना सांगायचो, हे सोपं आहे. मला काय माहीत होतं?" आणि परत पहिल्या ओळीपासून. मी त्यांची मैफील ऐकली होती, त्यांच्या ध्वनिमुद्रिका पाठ होत्या माझ्या. पण या मंगळवारांएवढं मोठं संगीत मी ऐकलेलं नाही. त्यात संगीत जवळजवळ नव्हतंच, तरीही.

दरम्यान आमच्या ईराने शाळेच्या बँडमध्ये बासरी घेतली. ती मार्गारेटकडे शिकायला जायची. मार्गारेट एके काळची मोरवालसाहेबांची विद्यार्थिनी, आता मुलांना शिकवणारी. दर वर्षी मे महिन्यात तिच्या मुलांचा कार्यक्रम व्हायचा, चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्या मांडून. क्रम ठरलेला, ज्याची जितकी वर्षं झाली त्याप्रमाणे. पहिल्या वर्षाची मुलं आधी, मग दुसऱ्या, असं करत शेवटी मोठी.

२००८ च्या मे महिन्यात मार्गारेटचा मला फोन आला. ती रडत होती. मोरवालसाहेबांनी तिला विचारलं होतं, की माझं दुसरं वर्ष पूर्ण झालंय, मला मुलांच्या कार्यक्रमात घेशील का? तिने त्यांना शेवटी, सगळ्यांच्या नंतर ठेवायचं म्हटलं. ते म्हणाले, "का? मी काय पाहुणा आहे? दुसऱ्या वर्षातच लिही."

त्याप्रमाणे छापलेल्या पानावर दुसऱ्या वर्षाच्या पाच नावांत त्यांचं नाव होतं. चौथं. तिसरं ईराचं. ती पुढच्या रांगेत, तिच्या शेजारी ते, काळा कोट घालून, मांडीवर बासरी. मी आणि संध्या त्यांच्या बरोबर मागे. बहुतेक आईवडिलांना ते कोण आहेत याचा पत्ता नव्हता. कुणाचे तरी आजोबा असतील अशी समजूत असावी. ईरा वाजवून आली, त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

त्यांनी स्वतः लिहिलेली एक छोटी चाल वाजवली. तीन मिनिटांची, सावकाश. बोटांना आता वाट सापडली होती. कुठेही दिखावा नाही, एकेक स्वर जागेवर नेऊन ठेवल्यासारखा. मधे एका ठिकाणी पाऊल अडखळावं तसं झालं, पण ते थांबले नाहीत. शेवटचा स्वर त्यांनी धरला तेव्हा मागे कोल्ड्रिंकचे कॅन उघडणारी माणसंसुद्धा थांबली. संध्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. मीही रडत होतो, उगाच कशाला लपवू. टाळ्या बेताच्याच पडल्या, बाकीच्या मुलांना पडल्या तेवढ्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसले. मानेवर घाम होता.

ईरा त्यांच्याकडे वळली. इथली मुलं एकमेकांना म्हणतात तसं म्हणाली, "गुड जॉब."

"थँक्यू."

"बट यू मेस्ड अप इन द मिडल."

माझा हात तिच्या खांद्याकडे गेला. संध्याने तो मधेच धरला.

मोरवालसाहेबांनी पूर्ण वळून तिच्याकडे पाहिलं. "ऐकू आलं?"

"येस. युअर पिंकी वॉज लेट." तिने आपली करंगळी हलवून दाखवली.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, मांडीवरच्या कागदावर एक स्वर शोधला, त्याच्याभोवती गोल केला आणि कागद तिच्यापुढे धरला. "इथेच ना?"

ईराने वाकून पाहिलं, मान डोलावली. मग त्यांच्या हातातून पेन्सिल घेऊन तिने त्याच्या पुढच्या स्वराभोवतीही एक गोल केला.